पाईनची बोन्साय थंडीत घरात घेऊ नका

माननीय संपादक,
स. न. वि. वि.

निफाडचा पारा घसरला की आपल्या पहिल्या पानावर बातमी येते आणि इकडे गंगापूर रोड, कॉलेज रोडच्या बंगल्यांत गच्चीवरच्या कुंड्या घरात यायला लागतात. शोभेच्या नाजूक झाडांचं ठीक आहे. पण त्यांच्याबरोबर पाईनचं जुनं बोन्सायही हॉलमध्ये टीव्हीशेजारी येऊन बसतं आणि थंडी सरता सरता मला फोन येतो, "ताई, परवापर्यंत हिरवं होतं हो, एकाएकी कसं गेलं?" ते एकाएकी गेलेलं नसतं. पाईनची मुळं मेली तरी सुया, म्हणजे त्याची सुईसारखी पानं, कित्येक आठवडे हिरव्या राहतात. पिवळेपणा दिसतो तेव्हा वेळ टळून गेलेली असते.

मी बोन्साय विकत नाही, लोकांची झाडं सांभाळून देते. अलीकडे माझ्याकडे येणारी बरीचशी झाडं वारसाने आलेली असतात. आजोबांनी किंवा काकांनी पंचवीस-तीस वर्षं वाढवलेली, ते गेल्यावर कुणी फारसं न पाहिलेली. शेंडे वर उसळलेले, सावलीमुळे आतल्या फांद्या वाळलेल्या, फांद्यांना वळण द्यायला गुंडाळलेली तार सालीत रुतलेली, आणि मुळं इतकी दाटलेली की झाड कुंडीतून वर उचललं गेलेलं. घरच्यांची माया खरी असते, म्हणून पहिल्याच रविवारी नवी कुंडी, नवी माती, वर छाटणी असा सगळा सोहळा होतो. अशक्त झाडाला तो झेपत नाही. या हिवाळ्यात एवढं करू नका, हीच माझी कळकळीची विनंती आहे.

पाईन हे थंडीचंच झाड आहे. जपानी काळा पाईन समुद्रकाठचे वारे आणि बर्फ सोसत वाढतो, आपला चीड पाईन हिमालयाच्या पायथ्यापासून वर चढत जातो. नाशिकच्या थंडीत त्याला विश्रांती मिळते, आणि ती त्याला हवीच असते. घरातला अंधार आणि उबदार कोंडलेली हवा मात्र त्याला मारते. त्याला गच्चीवर दिवसभर ऊन लागेल असं ठेवा. पहाटेचे कोरडे वारे फारच बोचरे असतील तर दक्षिणेकडे तोंड असलेल्या भिंतीला टेकवून ठेवा, बस्स.

खरी अडचण पाण्याची आहे. जुनी झाडं बहुधा लाल माती आणि शेणखतात लावलेली असतात. ती माती घट्ट बसली की वरून घातलेलं पाणी काठावरून वाहून जातं, आत मुळांचा गोळा कोरडाच. घरच्यांना वाटतं, रोज तर पाणी घालतोय. अशी कुंडी एकदा टबात काठापर्यंत बुडवा आणि बुडबुडे थांबेपर्यंत राहू द्या. नंतर बांबूची बारीक काडी मातीत तळापर्यंत खुपसून ठेवायची, थोड्या वेळाने काढून बघायची. काडी ओलसर असेल तर त्या दिवशी पाणी नाही. थंडीत झाड पाणी कमी पितं, सतत भिजलेली मुळं कुजतात. पाणी सकाळीच घाला.

मुळांत पांढरी जाळी दिसली की लोक घाबरून बुरशीनाशक ओततात. पाईनच्या मुळांवरची ही पांढरी बुरशी बहुतेक वेळा त्याची सोबतीण असते, मातीतलं पाणी आणि क्षार ओढायला ती मदत करते. ती धुऊन काढणं म्हणजे झाडाचा आधारच काढणं. मुळं मोकळी करायचीच तर थंडी 'शिव शिव' म्हणत निघते त्या सुमाराला, शेंड्यावरच्या कळ्या फुगल्या पण सुया उलगडल्या नाहीत अशा वेळी, आणि तेही झाड तगडं असेल तरच. एका खेपेला निम्मा गोळा, उरलेला पुढच्या एक-दोन वर्षांनी. अशक्त झाडाला खतही आत्ता नको.

रुतलेली तार उलगडायला जाऊ नका, साल सोलून निघते. कटरने तुकडे करून काढा. आतल्या जुन्या सुया पिवळ्या पडून गळणं स्वाभाविक आहे, त्या मातीवरून वेचून टाका. शेंड्यावरची कळी टणक आणि टपोरी असेल तर झाडात जीव आहे. सगळ्या सुया राखट दिसू लागल्या तर पांढऱ्या कागदावर फांदी झटका. बारीक ठिपके चालताना दिसले तर ते कोळी, म्हणजे रस शोषणारे बारीक किडे, आहेत; आपल्या कोरड्या हिवाळ्यात ते फार माजतात. पाण्याच्या जोरदार फवाऱ्याने पुष्कळसे जातात. आणि ज्या फांदीवर एकही हिरवी सुई उरली नाही, तिच्यावर आशा ठेवू नका, ती पुन्हा फुटत नाही. म्हणूनच उरलेल्या हिरव्या सुयांना आत्ता कात्री लावायची नाही.

एका कुंडीतल्या झाडासाठी एवढा खटाटोप कशाला, असं मला तोंडावर विचारलं गेलं आहे. वॉशिंग्टनच्या राष्ट्रीय वृक्षोद्यानात 1625 पासून कुंडीत वाढवलेला एक जपानी पांढरा पाईन आहे. हिरोशिमातल्या यामाकी कुटुंबाने तो पिढ्यान्‌पिढ्या सांभाळला. 1945 मध्ये अणुबॉम्ब पडला त्या जागेपासून तो सुमारे तीन किलोमीटरवर होता आणि बागेच्या भिंतीआड वाचला. 1976 मध्ये त्यांनी तो अमेरिकेला भेट दिला. ही हकिकत तिथल्या लोकांना 2001 मध्ये त्या घरातले नातू झाड बघायला आले तेव्हा कळली. आपल्या गच्च्यांवरची झाडं एवढी जुनी नाहीत, पण ज्यांनी ती वाढवली त्यांच्या हातांची खूण त्यांच्यावर आहे.

महापालिकेच्या पुष्पोत्सवात सजवलेली बोन्साय आपण सगळेच हौसेने बघतो. तिथेच एक टेबल जुन्या, आजारी झाडांसाठी मांडावं. लोकांनी झाड आणावं, जाणकारांनी बघून सांगावं, आणि ज्यांना सांभाळणं जमत नाही त्यांच्याकडून ते सांभाळू शकणाऱ्याच्या हाती जावं. शहरातल्या बोन्साय करणाऱ्यांनी आळीपाळीने बसायचं ठरवलं तर याला खर्चही फारसा नाही. मी बसायला तयार आहे.

आपली,
एक वाचक, गंगापूर रोड, नाशिक