प्रकाशोपचाराच्या नळ्यांसाठी आवाहन

सप्रेम नमस्कार.

बडोद्याच्या दांडिया बाजार-रावपुऱ्यातल्या आपल्या मंडळींना मंडळाच्या दवाखान्यातले 'उजेडाचे कपाट', म्हणजे कातडीच्या रोगांवर अतिनील किरण देणारे नळ्यांचे कपाट, नव्याने सांगायला नको. ते आले कै. पेढीवाल्या काकांमुळे. सुनेच्या हातांवर कोड उठले तेव्हा आठवड्यातून तीनदा तिच्याबरोबर रिक्षाने लांब जाणारे हेच काका. डाग भरत आले, तशी त्यांनी स्वतःची एकसष्टी रद्द केली आणि तो सगळा पैसा मंडळाकडे आणून दिला. महिला शाखेने दिवाळीचा फराळ विकून गॉगल घेतले. डॉक्टरीणबाई आजवर एक पैसा न घेता येतात. किरणांची मात्रा काही सेकंदांपासून सुरू करून बेताबेताने वाढवायची, कातडी लाल राहिली तर वाढवायची नाही, हे सारे त्या प्रत्येकाच्या कार्डावर स्वतः लिहितात.

आता नळ्या थकल्या आहेत. पेटतात, पण ज्या ३११ नॅनोमीटरच्या अतिनील किरणांसाठी त्या आहेत तेच क्षीण झाले आहेत. डोळ्यांना हे दिसत नाही, मापकावर दिसते. निम्म्या नव्या घालाव्यात तर अंगाच्या एका बाजूला जास्त मात्रा बसून भाजायचे. म्हणून बाईंनी उपचार थांबवले, आणि ते योग्यच केले. मात्र खंड लांबला की मात्रा पुन्हा खाली आणावी लागते. सोरायसिसच्या, कोडाच्या रुग्णांचे महिन्यांचे कष्ट वाया जातात.

ऊन फुकट असताना दिवा कशाला, असे काहीजण विचारतात. उन्हाची मात्रा कोण मोजणार? बावची (कोडावर लावतात ते बी, त्याने कातडी उन्हात लवकर भाजते) लावून गच्चीत बसवलेल्या एका मुलाच्या पाठीवरचे फोड आम्ही पाहिले आहेत.

गणेशोत्सवातल्या सभेत हीच विनंती केली होती. टाळ्या पडल्या, पाकिटे तीन आली. मंडपाची वर्गणी मात्र एका संध्याकाळी पुरी झाली. एका गृहस्थांनी तर या रुग्णांना मागचे दार ठेवा असे सुचवले. कोड संसर्गाने होत नाही, सोरायसिसही नाही. हे आपल्याच माणसांना सांगावे लागते याचे फार वाईट वाटते.

एका घराने एक नळी द्यावी. जमत नसेल तर दोन घरांनी मिळून द्यावी. मापक व चेहऱ्याच्या ढालीही हव्यात. रोख वा मंडळाच्या नावे धनादेश, दवाखान्याच्या खिडकीवर, सायं. ५ ते ७, रविवार बंद, पावती लगेच. जुन्या नळ्या उतरवायला शनिवारी दोन तरुण हवेत. नळ्यांत पारा असतो, तेव्हा त्या भंगारात द्यायच्या नाहीत.

आपला,
चिटणीस