छेद कुठे आहे?

आदरणीय सेन्सेई,

हे पत्र मराठीत आहे, म्हणजे तुम्हाला वाचता येणार नाही. आपलं सगळं बोलणं इंग्रजीत व्हायचं. तुमचं जपानी वळणाचं, माझं मराठी वळणाचं. पण नागासाकीला जागतिक आरोग्य शिकायला जावं का, असं विचारणारी मराठी मुलं आता मला भेटतात आणि त्यांना सांगताना गाडी दर वेळी तुमच्यापाशीच येऊन थांबते. म्हटलं, आभार एकदा चारचौघांतच मानावेत. नाव लिहीत नाही. तुम्हाला ते आवडायचं नाही.

मी आलो तेव्हा नागासाकी विद्यापीठाचं हे पदव्युत्तर स्कूल अगदी कोवळं होतं, 2015 चं. अर्थात नवी होती ती पाटी. विद्यापीठातली उष्णकटिबंधीय रोगांची संशोधन संस्था 1942 ची, आणि गावातलं पाश्चात्त्य वैद्यकाचं शिक्षण तर 1857 पासूनचं, पोम्पे नावाच्या डच नौदलातल्या डॉक्टरने सुरू केलेलं. पुढे 2018 मध्ये लंडन स्कूल ऑफ हायजीन अँड ट्रॉपिकल मेडिसिनबरोबर संयुक्त पीएचडी सुरू झाली. 1899 पासून हेच काम करणारी संस्था आपल्या जोडीला आली, याचं आम्हा विद्यार्थ्यांना कोण अप्रूप! एकदा जेवताना आम्ही किती देशांतून किती जण आलेत, याची बेरीज करत बसलो होतो. तुम्ही ट्रे ठेवता ठेवता विचारलंत, "किती जणांपैकी? आणि शिकून झाल्यावर जिथे रोग आहे तिथे किती जण गेले?" सगळे गप्प. वाढ मोजायची तीही छेदासकट, म्हणजे अपूर्णांकातला खालचा आकडा धरून, हे तेव्हा जरा खडूसपणाचं वाटलं होतं, खोटं कशाला बोलू.

खरी फजिती झाली ती प्रबंधात. केनियात, व्हिक्टोरिया सरोवराकाठच्या म्बिता भागातल्या शाळकरी मुलांची माहिती मी घेतली होती. आजार शिस्टोसोमायसिस; गोगलगायींतून पाण्यात उतरणारी आणि माणसाच्या कातडीतून आत शिरणारी कृमी. तपासणी काटो-कॅट्झ पद्धतीची: साच्यात मावते ती विष्ठा 41.7 मिलिग्रॅम, सूक्ष्मदर्शकाखाली तिच्यातली अंडी मोजायची, 24 ने गुणायचं, की एका ग्रॅममागे किती ते कळतं. माझे तक्ते देखणे होते. तुम्ही लाल पेन्सिल घेतलीत, अंशाकडे पाहिलंही नाहीत, सरळ खालच्या आकड्याभोवती गोल केलात. हजेरीपटावरची सगळी मुलं मी छेदात धरली होती. ज्यांची नमुन्याची डबी रिकामी परत आली किंवा जी त्या दिवशी आलीच नव्हती, तीसुद्धा.

"रिकामी डबी म्हणजे निरोगी मूल का?"

मग तुम्ही विचारलंत की, शाळेत न आलेली मुलं असतात कुठे. मी म्हटलं, तलावावर असतील, मासे धरायला. मराठीत आम्ही शाळा 'बुडवतो' म्हणतो, हे तुम्हाला सांगितलं तेव्हा तुम्ही पहिल्यांदा मोकळ्या हसलात. जी मुलं दिवसभर पाण्यात, तीच माझ्या तक्त्यात निरोगी म्हणून बसली होती! महिन्याभराचं काम पुन्हा केलं. तुम्ही रोज संध्याकाळी अर्धा तास बसलात. तुमचं नाव त्या प्रबंधावर मार्गदर्शक म्हणून नव्हतं, याची आठवण मला आता होते. तेव्हा ते लक्षातही आलं नव्हतं.

म्बितात विद्यापीठाची माणसं घरोघर जाऊन जन्म, मृत्यू, कोण गाव सोडून गेलं, कोण नवं आलं, याची नोंद का ठेवतात, ते मला या फजितीनंतर उमगलं. तो सगळा खटाटोप छेदासाठी. दवाखान्यात आलेला रुग्ण अंशात आपसूक येतो; न आलेला माणूस शोधायला चालत जावं लागतं. जपानमधल्या यामानाशी प्रांताचं उदाहरण तुम्ही वर्गात दिलं होतंत. तिथली भातखाचरं याच जातीच्या रोगाने पोखरली होती. गोगलगाय यात मध्यस्थ आहे, हे 1913 मध्ये मियाइरी आणि सुझुकी या जपानी संशोधकांनी दाखवलं, मग कित्येक दशकं कालवे सिमेंटने बांधत गेले, आणि 1996 मध्ये तिथला रोग संपल्याचं जाहीर झालं. आम्ही टाळ्या वाजवल्या. तुमचं आपलं चालूच: शून्य म्हणायला आधी किती जणांना तपासावं लागलं असेल?

एकदाच हा प्रश्न आला नाही. विद्यापीठाच्या साकामोतो इथल्या आवारातला जुना फाटकाचा खांब दाखवायला तुम्ही मला नेलं होतंत. 9 ऑगस्ट 1945 च्या स्फोटाने कललेला, आणि तसाच ठेवलेला. वैद्यकीय महाविद्यालयातले शिक्षक, विद्यार्थी, कर्मचारी मिळून सुमारे 900 जण त्या बॉम्बने गेले, असं तुम्ही सांगितलंत. सवयीने माझ्या ओठांवर आलं होतं, ते मी गिळलं. तुम्हीही विचारलं नाहीत. पाऊस लागला म्हणून आपण ट्रामकडे निघालो.

सेन्सेई, मनापासून आभार. त्या महिन्याचे, त्या अर्ध्या अर्ध्या तासांचे, आणि अंशाकडे न पाहिल्याचेसुद्धा. लाल गोल असलेला तो कागद अजून माझ्याकडे आहे. मात्र 24 ने गुणायला मी एकदाही चुकलो नव्हतो, एवढं तुम्हीही मान्य कराल.

तुमचा,
एक जुना विद्यार्थी