टीचर, माझ्या दंडावरची कॅप्टनची पट्टी काढून घेतलीत त्याबद्दल थँक्यू

टीचर, नमस्कार.

मोबाईलवरचं वाचायला तुमच्या डोळ्याला त्रास होतो हे माहितेय, तेव्हा हे नातवाकडून वाचून घ्या. आणि सगळ्यांसमोर लिहितोय कारण तुम्ही माझी कॅप्टनशिप काढलीत तेव्हा मी तुमच्याबद्दल जे काही बोललो ते पण सगळ्यांसमोरच बोललो होतो, ग्राउंडवर, चहाच्या गाड्यावर, मंडळाच्या खोलीत. मग थँक्यू मात्र घरी येऊन हळूच म्हणायचं हे मला पटत नाही.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी थोडं सांगतो. आमचा फुटबॉल क्लब म्हणजे बेळगावात शहापूरकडच्या एका गल्लीतला, मागवाल्यांच्या घरातली पोरं, उद्यमबागेत फाउंड्रीत नाहीतर लेथवर शिफ्ट करणारी पोरं, दोघं-तिघं कॅम्पातले, एकजण खानापूरहून येणारा. ऑफिस वगैरे काही नाही, गणपती मंडळाच्या खोलीत मखराच्या मागं जर्सीचं पोतं, तेच ऑफिस. २०२१-२२च्या सीझनला आम्ही ९ मॅच खेळलो आणि १ जिंकलो, ती पण वॉकओव्हर. पण हरत होतो हा खरा प्रॉब्लेम नव्हताच, हे मला आता कळतंय. सिनियर सगळ्यात शेवटी यायचे आणि मी कॅप्टन म्हणून त्याच्याही नंतर. ज्यानं गोल मारला त्याला दोन दिवस प्रॅक्टिस माफ. हरलं की रात्री ग्रुपवर एकमेकाला शिव्या घालणारे ऑडिओ. वर्गणी कुठं गेली विचारलं की भांडण. आणि आमचा गोलकीपर कन्नड बोलणारा, त्याला मराठी अर्धवटच यायचं, तर तो ग्रुपवर कधी काही लिहायचाच नाही आणि कुणाला त्याचं काही वाटायचंही नाही. एका मॅचला तर आम्ही रेफ्रीच्या अंगावर गेलो, त्यात मी पुढं होतो.

तुम्ही आलात २०२२च्या मे महिन्यात, आणि आलात ते भांडायलाच. नातू ११ वर्षाचा, तीन महिने येत होता आणि तीन महिने आमच्या बॅगा उचलत होता, गोलच्या मागून बॉल आणून देत होता. तुम्ही विचारलंत, "ह्यानं बॉलला पाय कधी लावायचा?" कुणाकडं उत्तर नव्हतं. मग तुम्ही तो बॉल हातात घेऊन दाबून बघितलात आणि म्हणालात हा मोठ्यांचा बॉल आहे, लहान पोरांना असला कशाला देताय. खो-खो शिकवण्यात जन्म गेलेल्या बाईला ४ नंबर आणि ५ नंबरच्या बॉलमधला फरक कळत होता आणि आम्ही १० वर्षं खेळून पोरांना ५ नंबरच देत होतो, तो पण शिलाई निघालेला. दुसऱ्या दिवशी तुम्ही परत आलात. तिसऱ्या दिवशी टेप घेऊन आलात, आणि तेव्हापासून टीम तुमच्याच हाताखाली.

टेपची ती सकाळ मी विसरणार नाही. आमची पेनल्टीची जागा म्हणजे जो कोण लवकर येईल त्याच्या पावलानं ११ पावलं. तुम्ही मोजलंत तर एका बाजूला ११ मीटर भरतच नव्हतं. गोल ७.३२ मीटर रुंद पाहिजे तर आमचा एक खांब आत सरकलेला. तुम्ही खुंटी ठोकलीत, ९.१५ मीटरची सुतळी बांधलीत आणि ग्राउंडच्या मधलं वर्तुळ आखलंत, आणि फक्कीचं घमेलं माझ्या हातात दिलंत. "कॅप्टन आहेस की, मार." सगळी पोरं बघत होती. मी फक्की मारली पण रागानं मारली, रेष वाकडी आली, तुम्ही पायानं पुसलीत आणि परत मारायला लावलीत. तीनदा. तेव्हापासून आजपर्यंत आमच्या ग्राउंडची आखणी सिनियरच करतात, नेट सिनियर बांधतात, आणि बॅग ज्याची त्यानं उचलायची. नवीन आलेल्या पोराला आता हे असंच असतं वाटतं, त्याला कुणी सांगावं पण लागत नाही.

आता कॅप्टनशिपचं. मी इंग्लंडच्या आर्सेनल क्लबचा फॅन. डिसेंबर २०२१ मध्ये त्यांचा मॅनेजर आर्टेटानं ऑबामेयांगची कॅप्टनशिप काढली, तो सुट्टीवरून उशिरा आला म्हणून, तेव्हा मी ग्रुपवर लांबच्या लांब मेसेज टाकलेला, की असाच मॅनेजर पाहिजे, कितीही मोठा प्लेअर असू दे शिस्त म्हणजे शिस्त. आणि सात महिन्यानं, जुलैमध्ये, तुम्ही मंडळाच्या खोलीत २२ पोरांना एकेक चिठ्ठी दिलीत. कॅप्टन कोण पाहिजे असं विचारलंच नाहीत. तुम्ही विचारलंत, "दोन गोल खाल्लेत, पाऊस पडतोय, दहा मिनिटं राहिलीत, शेजारी कोण असावा वाटतं? एकच नाव लिहा." माझं नाव २ चिठ्ठ्यांवर होतं. त्यातली एक मीच लिहिलेली. १३ चिठ्ठ्या आमच्या लेफ्ट बॅकच्या नावाच्या, १९ वर्षाचा, फाउंड्रीत रात्रपाळी करून सकाळी सरळ ग्राउंडवर येणारा, जो मॅचमध्ये दहा वाक्यं बोलत नाही. त्याच महिन्याच्या शेवटी आर्सेनलनं पण २३ वर्षाच्या ओडेगार्डला कॅप्टन केलं, आणि मला ती बातमी वाचवेना.

चिठ्ठ्यांच्या त्या रात्री मी क्लब सोडायचं ठरवलं होतं टीचर. तुम्हाला ते माहीत असणार, कारण सकाळी तुम्ही घरी आलात, आईनं केलेला चहा घेतलात, कॅप्टनशिपबद्दल चकार शब्द काढला नाहीत, फक्त म्हणालात की लहान सहा पोरांना डावा पाय शिकवायला कोणी नाही, मंगळवार आणि शुक्रवार, सहाला. एवढंच. पट्टी काढलीत आणि रिकामं नाही सोडलंत, दुसऱ्या दिवशी हातात काम ठेवलंत, हे मला समजायला लई वेळ लागला.

पहिल्या शुक्रवारी धो धो पाऊस होता, आपल्याकडचा जुलैचा पाऊस काय असतो सांगायला नको, मी धरूनच चाललो की कोण येणार आहे आता, आणि निवांत सहा वीसला गेलो. सहाच्या सहा पोरं झाडाखाली उभी. बॉल भिजू नये म्हणून प्लास्टिकच्या पिशवीत गुंडाळलेला, आणि तो तुमच्या नातवानं पोटाशी धरलेला. कोण काही बोललं नाही. एकानं फक्त विचारलं, "दादा, चालू करूया?" त्या दिवसापासून मी लेट गेलेलो नाही. तुम्ही तिथं नव्हतात, मी तुम्हाला हे कधी सांगितलं पण नाही, आज सांगतोय.

तुम्ही खो-खोचं एक सांगायचात ते मी आता पोरांना सांगतो. पाठलाग करणाऱ्या नऊ जणांत आठ बसलेले असतात आणि एकच पळत असतो, बसलेल्यानं कधी उठायचं ते दुसरा ठरवतो, पण बसलेला माणूस झोपला की खेळ संपला. तुम्ही बेंचवरच्या पोरांकडं तसं बघायचात. आमच्याकडं बेंच म्हणजे मोबाईल बघायची जागा होती. तुम्ही प्रत्येकाला एकेक समोरचा प्लेअर वाटून दिलात, ह्याच्यावर नजर ठेव, हाफटाइमला मला सांग तो कुठल्या पायानं खेळतो. मग हाफटाइमला बेंचवरची पोरं बोलायची आणि आत खेळणारे ऐकायचे, हे मी आधी कुठल्याच क्लबात बघितलेलं नाही.

आणि भाषेचं. आपल्या भागात ह्या विषयावर बोलायला लोक घाबरतात, १९५६ला बेळगाव म्हैसूर राज्यात, म्हणजे आजच्या कर्नाटकात गेलं तेव्हापासूनची जखम आहे, माझ्या घरात पण आहे, आजोबा सीमा चळवळीत होते आणि मला त्याचा अभिमान आहे. तुम्हालाही आहे. पण तुम्ही कीपरला विचारलंत की घाबरल्यावर तुझ्या तोंडातून पहिला शब्द कुठला येतो. तो म्हणाला "बिड". म्हणजे सोड. आणि बॉल घे म्हणायला "तगो". तुम्ही चार डिफेंडरना ते दोन शब्द पाठ करायला लावलेत, कारण गोलसमोर भाषांतर करायला टाइम नसतो. त्या सीझनला आपापसात धडकून खाल्लेले गोल बंदच झाले म्हटलं तरी चालेल. आणि तो पोरगा, जो ग्रुपवर कधी लिहायचा नाही, तो आता सगळ्यात जास्त बोलतो, मोडक्या मराठीत, आणि आम्ही मोडक्या कन्नडमध्ये.

सगळं गोड गोड झालं असं लिहिलं तर खोटं होईल. तुम्ही आल्यावर पहिल्या ५ मॅच आम्ही हरलो. हिशोब भिंतीवर चिकटवायला लागल्यावर दोन जण क्लब सोडून गेले, त्यातला एक माझा जवळचा मित्र, आजही बोलत नाही. कमिटीतले मोठे लोक म्हणाले बाईंना फुटबॉलमधलं काय कळतंय, बदला. त्या मीटिंगमध्ये मी उभा राहिलो आणि फर्ग्युसनचं सांगितलं, की तो मॅनेजर म्हणून नोव्हेंबर १९८६ मध्ये मँचेस्टर युनायटेडला आला, पहिली ट्रॉफी १९९०ला, एफए कप, आणि लीग मिळाली १९९३ला, क्लबला २६ वर्षांनी. मधल्या काळात त्यानं प्लेअरांची दारूची सवय मोडली, लहान पोरांची टीम उभी केली, आणि कमिटीनं त्याला टाइम दिला. तुम्ही कोपऱ्यात बसून ऐकत होतात. बाहेर आल्यावर फक्त विचारलंत, "साडेतीन वर्षं खरंच थांबले का रे ते?" आणि मग कितीतरी वेळ काहीच बोलला नाहीत. तेव्हा मला पहिल्यांदा वाटलं की ह्या बाईंना पण टेन्शन असतं, आम्ही एकदाही विचारलं नव्हतं.

२०२३-२४ला १२ मॅच, ५ जिंकलो, ३ ड्रॉ, ४ हरलो. सेमीफायनल पेनल्टीवर गेली, हरलो. तुमचा गुडघा तोपर्यंत दुखायला लागलेला, तुम्ही त्या मॅचला नव्हतात, म्हणून त्यानंतरचं सांगतो. एका कन्नड शाळेनं कपडे बदलायला खोली दिलेली. तुम्ही आम्हाला जपानचं सांगितलेलं ना, २०१८च्या वर्ल्ड कपमध्ये बेल्जियमविरुद्ध २-० पुढं असताना ३-२ हरले आणि जाताना ड्रेसिंग रूम झाडून पुसून रशियन भाषेत थँक्यूची चिठ्ठी ठेवून गेले. कोणाला काही सांगावं लागलं नाही. कॅप्टननं झाडू घेतला, चिखल सगळा काढला, बाकडी सरळ केली, आणि दोन पोरं अजून रडत होती तरी रडत रडत बाटल्या गोळा करत होती. मग कॅप्टननं फळ्यावर खडूनं कन्नडमध्ये "धन्यवादगळु" लिहिलं. एक अक्षर चुकलं. कीपरनं पुसून नीट करून दिलं. मी मागं उभा होतो, मला तुम्हाला फोन करायचा होता, पण आवाजच फुटेना.

दुसरं काय लिहू. माझी नोकरी लागली तेव्हा इंटरव्ह्यूला मी पाऊण तास आधी पोचलेलो, ते पण तुमच्यामुळंच, पण ते जाऊ दे.

येत्या रविवारी ज्युनिअरची मॅच आहे. तुमचा नातू पहिल्यांदा सुरुवातीपासून खेळणार, डाव्या बाजूला, आणि डावा पाय आता त्याचा चांगला झालाय, बघाच. आखणी शनिवारी संध्याकाळी मी आणि कॅप्टन करतोय, फक्की आणून ठेवली आहे. झाडाखाली तुमची खुर्ची पण ठेवतो, उंच पाठीची, गुडघ्याला त्रास नको म्हणून कमिटीनं नवीन घेतलीये. मॅच साडेसातला आहे. रिक्षा घेऊन मी पावणेसातला दारात असेन.

तुमचा,
लहान पोरांचा मंगळवार-शुक्रवारचा दादा