‘बरं’मधला र

चि. मनू,
अनेक आशीर्वाद.

पत्र पोहोचेपर्यंत तुझा राग गेलेला असेल, या हिशोबाने लिहितोय. आपण होऊन फोन करायचा नाही असं ठरवलं होतं, ते अकरा दिवस पाळलं. दादा म्हणतो, मेसेज टाका. पण मेसेजमध्ये माझी गाडी तीन शब्दांपुढे सरकत नाही आणि भांडणं लावतात ती नेमकी तीन शब्दांची वाक्यंच. “फक्त अकराच मिळाले?” हे त्यातलंच.

तर आधी ते अकरा. 20 पैकी 11 म्हणालीस, मी मनातल्या मनात पाचाने गुणलं, 55 टक्के आले आणि तोंडातून निघून गेलं. तू म्हणालीस, “बाबा, तुम्हाला नाही कळणार,” आणि स्क्रीन काळी झाली. नंतर मी माहिती काढली. तिकडे फ्रान्समध्ये 10 ला पास. 12 ला ‘आसे बियँ’, म्हणजे बऱ्यापैकी. 14 ला ‘बियँ’. आणि 16 ला ‘त्रे बियँ’, फारच उत्तम! 16 म्हणजे आमच्या हिशोबाने 80 टक्के, ज्याला आम्ही दहावीत तुझ्यासमोर तोंड पाडून बसलो होतो. तेव्हा परक्या भाषेत लिहिलेल्या पहिल्याच दिसेर्तासिओंला, म्हणजे निबंधाला, 11 म्हणजे काय, ते आता समजलं. चुकलो. हे वाक्य आईने स्वतः वाचून पत्राला परवानगी दिली आहे.

त्या निबंधाच्या तीन भागांचं प्रकरण तू सांगितलं होतंस, तेही पुन्हा आठवून पाहिलं. आधी एक नेमका प्रश्न मांडायचा, त्याला प्रोब्लेमातीक म्हणायचं. मग एक बाजू, मग उलट बाजू, मग दोन्हींच्या पलीकडचं काहीतरी. तुझे मार्क गेले ते प्रश्न न मांडता थेट स्वतःचं मत लिहून बसलीस म्हणून. हा गुण कुठून आला, असं आई विचारते आणि माझ्याकडे बघते. आपल्या भांडणावर मी तसं लिहून पाहिलं. पहिला भाग, मनू उद्धट आहे. दुसरा भाग, बाप त्याहून. तिसरा भाग अजून सुचलेला नाही.

पण खरं सांगू, त्या दिवशी माझा तोल मार्कांनी गेलाच नव्हता. आधी तू आईला “बरं” म्हणालीस. साधं “बरं.” त्यातला र घशातून आला. आईला कळलंही नाही, मला टोचला. तू हा र कसा कमावलास ते मी पाहिलंय. महिनाभर सकाळी न्हाणीघरात पाण्याच्या गुळण्या करत र-र-र चालायचं. घसा धरला समजून आई मिठाचं पाणी घेऊन दाराशी उभी राहायची आणि तू आतून ओरडायचीस, “अगं, फ्रेंच आहे ते!” तेव्हा हसलो होतो. आता तो र उलटा फिरून मराठीत आला, तर वाटलं, दिवसभरात हिच्याशी मराठीत बोलणारं कुणीच नसणार. मग वाटलं, मराठी जाऊ दे, कुठल्याही भाषेत बोलणारं कुणी आहे का? ती स्पेनची मुलगी खोली सोडून गेल्यापासून तू तिच्या जागी कोण आलं ते सांगितलेलं नाहीस. मनू, तू तिथे एकटी तर पडली नाहीस ना?

हा प्रश्न पत्रात नको, असं आईने बजावलं होतं. पेनाने लिहितोय, खोडलं तर दिसेल. राहू दे.

तुझ्या त्या चिठ्ठ्या आठवतात का गं? पहिल्या वर्षाला असताना निळ्या कागदावर पुल्लिंगी, गुलाबीवर स्त्रीलिंगी शब्द लिहून घरभर चिकटवल्या होत्यास. दारावर ला पोर्त, आरशावर ल मिर्वार. खुर्चीवर ‘ला शेझ’ वाचून मी विचारलं होतं, खुर्चीला शेज म्हणतात तर झोपायचं कशावर? आणि माझ्या आरामखुर्चीवर मात्र निळा कागद, ल फोतय. साधी खुर्ची बाई आणि तिला हात फुटले की पुरुष, हा कुठला न्याय, असं म्हणालो तर तू गंभीरपणे म्हणालीस, “बाबा, आपल्याकडे तरी कुठला न्याय आहे? भिंत ती, दार ते आणि दरवाजा तो.” मी गप्प झालो. पन्नास वर्षं मराठी बोलत होतो आणि माझ्या लक्षातही आलं नव्हतं, की एकच वस्तू ‘ते’ही असते आणि ‘तो’ही. बाकी चिठ्ठ्या रंगकामात गेल्या. फोतयची आहे अजून. कडा सुटल्यात, मी पाठीने दाबून धरतो.

आजी तर तुझ्यावर भलतीच खूश होती, फ्रेंच लोक 80 ला ‘चार विसा’ म्हणतात हे कळल्यापासून. तिचे सगळे हिशोब विसांत. नव्वद म्हणजे चार विसा आणि दहा, ते तर हुबेहूब तुमचं कात्र-व्हँ-दिस. “मग मला येतं की फ्रेंच,” म्हणाली होती. बेल्जियम आणि स्वित्झर्लंडवाले नव्वदला सरळ नोनाँत म्हणतात, हे तू तिला मुद्दाम सांगितलं नाहीस. ते मी पाहिलं होतं.

मी तेव्हा कसा वागलो, तेही आठवतं. तू साहित्य घेतेय म्हणालीस आणि मी त्या फॉर्मवर सही करायला आठ दिवस लावले. फॉर्म पेपराखाली ठेवून रोज पेपर वाचत होतो. तू एकदाही मागितला नाहीस. नवव्या दिवशी मीच आणून दिला.

म्हणून तुझ्या मेम्वारचा, म्हणजे मास्टरच्या प्रबंधाचा, विषय ऐकल्यावर मी लेखिका आसिया जेबारबद्दल शोधून वाचलं. अल्जेरियातली मुलगी, बाप फ्रेंचचा शिक्षक. तिच्या त्या पुस्तकाची सुरुवातच अशी आहे ना, की शरदातल्या एका सकाळी एक लहान अरब मुलगी बापाचा हात धरून पहिल्यांदा शाळेत निघाली आहे? तिथे मी थांबलो. त्या बापाने ज्यांची भाषा मुलीच्या हातात दिली, त्यांचंच राज्य होतं तिच्या देशावर, 1830 पासून 1962 पर्यंत. त्याला भीती वाटली नसेल? पुढे तिने याच भाषेत लिहिलं आणि 2005 साली त्यांच्या अकादमीत निवडून गेली, जिथे 1635 पासून एका वेळी चाळीसच जण बसतात. आणि तरी या भाषेला ती सावत्र आई म्हणते. बापाने हात धरून आईपासून दूर नेलं असंही त्यात आहे आणि बापाने दार उघडून दिलं असंही आहे, हे तूच आईला सांगत होतीस. मी पेपर वाचत नव्हतो त्या वेळी, ऐकत होतो. मी तर तुझा हात धरून नेलंही नाही. नुसती सही केली, तीही उशिरा. पण कुणी विचारलं, मुलगी काय करते, तर मी हल्ली आधी “लियोंला असते” म्हणतो आणि मग “साहित्य” म्हणतो. पूर्वी साहित्य गिळून टाकायचो.

लेकीला पत्रं लिहिणारी ती मादाम द सेव्हिन्येही तशीच ऐकून ठेवली होती. 1671 च्या फेब्रुवारीत लेक नवऱ्याबरोबर राहायला प्रोव्हान्सकडे निघाली आणि पॅरिसमध्ये आईने दोनच दिवसांत पत्र लिहायला घेतलं, ते पुढे वर्षानुवर्षं. वाटेत रोन नदीत आव्हिन्योंच्या पुलाच्या कमानीशी होडी फुटता फुटता वाचली. ही बातमी आईला कळली तेव्हा लेक सुखरूप उतरूनही कितीतरी दिवस झाले होते, तरी बाई नव्याने घाबरली. मला ती पटली. तुझ्या खोलीपासून तीच रोन दहा मिनिटांवर आहे, नकाशात पाहिलं. पाच वाजता अंधार पडतो म्हणालीस. पुलावरून रात्री एकटी येऊ नकोस. ट्राम आहे ना?

लेकीने काय उत्तरं पाठवली, ते मात्र कुणाला वाचता येत नाही, ती उरलीच नाहीत. आईची काळजी तेवढी अभ्यासक्रमाला लागली. आणि ती आई लेकीला ‘व्हू’ म्हणायची, आपल्या अहोजाहोसारखं. तू पाठवलेल्या पोस्टकार्डात उलटं होतं. चार ओळी फ्रेंचमध्ये होत्या, मी शब्दकोश घेऊन बसलो, आणि सगळीकडे ‘त्यू’. जन्मात मला “तू” न म्हणालेली मुलगी तिकडून एकेरीवर आली! तिथल्या मुली बापाला असंच म्हणतात, हे मला ठाऊक आहे. तरी ते कार्ड पाकिटात आहे. मला आवडलं. सांगायचं राहून गेलं होतं.

आता थोडं कामाचं. मास्टरची दोन वर्षं, पुढे डॉक्टरेट म्हणतेस, म्हणजे आणखी किमान तीन. तोवर साहित्याबरोबर अनुवादाचं काहीतरी रीतसर शिकून घे. फ्रेंचची ती दाल्फची सी-2 परीक्षा देऊन टाक, ते प्रमाणपत्र जन्मभर चालतं. शाळांमध्ये भाषा-सहायक म्हणून घेतात, आठवड्याला बारा तास, त्याचीही चौकशी कर. माणसाच्या हातात काहीतरी ठोस हवं, नुसत्या कादंबऱ्यांवर

बघ, पुन्हा सुरू झालो. हा परिच्छेद आईला दाखवणार नाही. तुला हे सगळं माझ्याआधी माहीत असणार. पैशाचं आम्ही बघतोय, तो प्रश्न नाही. प्रश्न मी मघाशी विचारला तो आहे. तू फोनवर “मजेत आहे” म्हणतेस. नीलूमावशीही फोनवर मजेतच असायची. म्हणून मला तो शब्द ऐकला की झोप येत नाही, एवढंच. तू नीलू नाहीस, मला कळतं. आईही हेच म्हणते आणि मग स्वतः उठून दिवा लावून बसते.

तुझी जुनी व्याकरणाची वही कपाटात सापडली, ती रोज थोडी वाचतो. त्यात तू लिहिलंयस, की आशा वाटते म्हटलं तर पुढचं क्रियापद साधं, पक्क्या बातमीसारखं. भीती वाटते म्हटलं, की मात्र ते स्युब्जोंक्तिफ नावाच्या वेगळ्या रूपात जातं आणि वर एक ‘न’ मध्येच येऊन बसतो, ज्याला काही अर्थ नसतो. खरा नकार हवा तर पुढे ‘पा’ लागतो. समासात तू तीन प्रश्नचिन्हं काढलीस आणि लिहिलंस, “मग हा न कशाला???” परवा मी उठून आईला वाचून दाखवलं. कारण आपलंही तेच आहे, मनू. “गाडी तर चुकणार नाही ना?” “ताप तर आला नाही ना?” यातला ‘नाही’ काय नाकारतो? काही नाही. तो नुसता घाबरलेला असतो.

म्हणून तू एकटी तर नाहीस ना, या भीतीचं मी फ्रेंचमध्ये एक वाक्य तयार केलंय. दोन संध्याकाळी लागल्या. झे प्यर क त्यू न स्वा स्यल.

‘न’ घातलाय, ‘पा’ घातलेला नाही. क्रियापद तुझ्या वहीतल्या तक्त्यातून घेतलंय. चूक असेल तिथे लाल शाईने खूण करून कागद परत पाठव. मार्क 20 पैकीच दे.

तुझे,
बाबा

ता. क. ती खोली आता कुणाला दिली, तेवढं कळव.