तितोवला मळमळलं, ती गोष्ट

सांगली, रविवार

चि. सई,
अनेक आशीर्वाद.

तितोवबद्दल तू विचारलंस आणि मी फोनवर दोन ओळींत उत्तर दिलं, पण ते तेवढ्यात मावणारं नाही. आत्ता आजी झोपली आहे, बाबा गच्चीवर टाकीच्या गळतीपाशी प्लंबरला घेऊन उभे आहेत, म्हणून सविस्तर लिहायला बसले.

सोव्हिएत रशियाचा गेर्मान तितोव हा अंतराळातून पृथ्वीप्रदक्षिणा करणारा दुसरा माणूस. पहिल्याचं, म्हणजे युरी गागारिनचं उड्डाण १२ एप्रिल १९६१ ला १०८ मिनिटांत आटोपलं होतं. तितोव त्याच वर्षी ६ ऑगस्टला व्होस्टोक-२ या यानातून गेला आणि पंचवीस तासांहून जास्त वेळ वर राहिला. सतरा प्रदक्षिणा! वयाची सव्वीस वर्षं पुरी व्हायला त्याला महिनाभर बाकी होता. पृथ्वीच्या कक्षेत त्याच्याहून लहान वयात अजूनही कुणी गेलेलं नाही.

वजनरहित अवस्था सुरू होताच त्याला वाटलं, आपण उलटे झालो, डोकं खाली आणि पाय वर. मग गरगरायला लागलं, मळमळायला लागलं. डोकं हलवलं की आणखी वाढायचं. खाल्लेलंही पोटात राहिलं नाही. झोपायची वेळ झाली तर हात आपोआप वर तरंगायला लागले, ते त्याने पट्ट्याखाली खोचले तेव्हा कुठे झोप लागली. वेळापत्रकापेक्षा अर्धा तास जास्तच झोपला तो. उठल्यावर बरं वाटलं आणि पुढचं काम नीट झालं. अंतराळात झोपलेला पहिला माणूस तो, आणि अंतराळात आजारी पडलेला पहिलाही तोच.

कारण ऐकण्यासारखं आहे. आपल्या कानाच्या आत, खोलवर, अगदी बारीक खडे असतात. त्यांच्या वजनावरून मेंदूला कळतं की खाली कुठे, वर कुठे. वजनच जाणवेनासं झालं की कान एक सांगतो, डोळे दुसरं सांगतात आणि मेंदू गोंधळतो. तुला कुंभार्ली घाटात एसटीत व्हायचं, तसंच. दोन-तीन दिवसांत बहुतेकांना सवय होते. आज अंतराळात जाणाऱ्यांपैकी निम्म्याहून जास्त जणांना हा त्रास होतो, पण १९६१ मध्ये हे कुणालाच माहीत नव्हतं. एकटा तितोवच अशक्त निघाला, असं कुणी सहज म्हणू शकलं असतं. तरी खाली आल्यावर त्याने तपासणाऱ्यांना सगळं सांगितलं. चक्कर कधी आली, कशाने वाढली, कधी कमी झाली, सगळं. पुढच्या दोन व्होस्टोकांचं उड्डाण १९६२ च्या ऑगस्टमध्ये झालं. तोवर निवडलेल्या वैमानिकांना फिरत्या खुर्च्यांवर बसवून तोल सांभाळण्याचा कसून सराव देण्यात आला. तितोव स्वतः पुन्हा कधी अंतराळात गेला नाही. मला त्या सगळ्या पहिल्या फळीत तो सर्वांत मोठा वाटतो, गागारिनपेक्षाही. आपल्या राकेश शर्मांनी १९८४ मध्ये वर योगासनं करून पाहिली, शरीराला तिथे त्याचा काय उपयोग होतो ते तपासायला. त्या सगळ्या तपासण्यांची सुरुवात तितोवच्या त्या कबुलीपासून झाली, असं मी तरी मानते.

सई, तुला ताप होता हे मला तुझ्या रूममेटच्या आईकडून कळलं. रोज फोनवर ‘मजेत आहे’ म्हणत होतीस. आम्ही काळजी करू म्हणून लपवलंस, हे कळतं मला, त्याबद्दल रागावलेले नाही. पण अंगात किती ताप आहे, काय खाल्लं, कुठली गोळी घेतली, हे मला कळायला हवं. मी इथून नागपूरला धावत येणार नाही, डॉक्टरांना विचारून सांगेन एवढंच. पुढच्या वेळी पहिल्या दिवशीच सांग.

आजीचं मोतीबिंदूचं ऑपरेशन छान झालं. परवा पट्टी काढल्यावर डॉक्टरांनी अक्षरांचा तक्ता वाचायला लावला, तेव्हा मला जॉन ग्लेन आठवला आणि मी तिथेच आजीला त्याची गोष्ट सांगितली. अमेरिकेचा ग्लेन २० फेब्रुवारी १९६२ ला फ्रेंडशिप-७ मधून तीन प्रदक्षिणा करून आला. डॉक्टरांना भीती होती की वजन गेल्यावर डोळ्याचा आकार बदलेल आणि नजर अंधुक होईल. म्हणून त्याच्यासमोर यंत्रांच्या फळीवर असाच एक छोटा तक्ता लावला होता, तो अधूनमधून वाचायचा. नजर शेवटपर्यंत ठणठणीत राहिली. गिळता येईल का, हीही शंका होती. त्याने नळीतून सफरचंदाचा गर खाऊन दाखवला. सूर्य उगवताना खिडकीबाहेर त्याला काजव्यांसारखे हजारो ठिपके दिसले. ते काय होते, हे तीन महिन्यांनी अमेरिकेचाच स्कॉट कार्पेंटर वर गेला तेव्हा समजलं. त्याने यानाच्या भिंतीवर आतून हात आपटला आणि बाहेर ठिपक्यांचा पाऊस झाला. यानावर साचलेल्या हिमाचे कण होते ते! आजीला हे फार आवडलं, शेजारच्या काकूंनाही सांगून झालं.

आता वालेंतिना तेरेश्कोवा, अंतराळात गेलेली पहिली स्त्री, तीही रशियाचीच. तू सामान भरताना यादी करत नाहीस, म्हणून ही मुद्दाम तुझ्यासाठी. जून १९६३ मध्ये ती जवळजवळ तीन दिवस एकटी वर होती, अठ्ठेचाळीस प्रदक्षिणा. तिने पुढे सांगितलं की सामानात टूथपेस्ट होती, पण ब्रश ठेवायचा राहिला होता. कापड गिरणीत काम करणारी, हौसेने पॅराशूटच्या उड्या मारणारी मुलगी. घरी आईला सांगून गेली होती की पॅराशूटच्या स्पर्धेला चालले आहे. आईला खरं कळलं ते बातमी जाहीर झाल्यावर. वडील ती लहान असतानाच युद्धात गेलेले, त्या बाईचं काय झालं असेल तेव्हा! मात्र वर गेल्यावर मुलगी गप्प बसली नाही. यान परत फिरवण्याच्या आज्ञावलीत चूक होती. ती तशीच राहिली असती तर यान खाली येण्याऐवजी आणखी वरच्या कक्षेत गेलं असतं. तिच्या ते लक्षात आलं, तिने जमिनीवर कळवलं आणि दुरुस्त आकडे मिळवले. यानाचे मुख्य रचनाकार कोरोलेव यांनी ही गोष्ट कुठे बोलू नकोस अशी विनंती केली, ती तिने कित्येक वर्षं पाळली. व्होस्टोकमधून सगळेच जण शेवटी आसनासकट बाहेर फेकले जाऊन वेगळ्या पॅराशूटने उतरत, त्यामुळे गिरणीतल्या मुलीचा तो छंदच तिला वर घेऊन गेला.

गागारिनचं एक तुला कधी सांगितलेलं नाही. उड्डाणाच्या दोन दिवस आधी त्याने बायकोला पत्र लिहून ठेवलं होतं. धाकटी मुलगी गाल्या तेव्हा जेमतेम महिन्याची, मोठी लेना दोन वर्षांची. यंत्रावर माझा पूर्ण विश्वास आहे, पण काही घडलंच तर मुलींना लाडोबा करू नकोस, खरी माणसं कर, अशा अर्थाचं लिहिलं होतं. तो सुखरूप परतला, पत्र तसंच राहिलं. १९६८ मध्ये विमानाच्या अपघातात तो गेला, तेव्हा ते बायकोच्या हाती पडलं. मला राहून राहून वाटतं, परत आल्यावर त्याने ते स्वतः तिला द्यायला हवं होतं. सोबत बसून वाचलं असतं दोघांनी.

तुझ्यासाठी डबा पाठवते आहे. लिंबाचं लोणचं, शेंगदाण्याची चटणी आणि मेतकूट. ताप नुकताच गेला आहे, तेव्हा आठवडाभर मऊ भातावर मेतकूट-तूप घे, लोणचं नंतर काढ. दिवाळीचं महाराष्ट्र एक्सप्रेसचं तिकीट बाबा काढतील, पण तुझी शेवटची परीक्षा कधी संपते ते अजून कळवलेलं नाहीस. तारीख आणि आजचा ताप, दोन्ही रात्री फोनवर सांग.

तुझी,
आई