मंत्रिमहोदय, आम्हाला पहाटेचं पाणी तपासू द्या

माननीय उच्चशिक्षणमंत्री यांस,
सादर नमस्कार.

मी जीवशास्त्राच्या पदवीच्या शेवटच्या वर्षाला आहे. जलविज्ञान हा विषय आवडीने घेतला, पण पहिली दोन वर्षं आमचं पाणी नळाचंच होतं. बादलीतून नमुना घ्यायचा, टायट्रेशन करायचं, म्हणजे थेंबाथेंबाने रसायन घालून प्रमाण मोजायचं, जर्नलवर सही मिळवायची. खरा तलाव दिसायचा वर्षातून एकदा, तोही भर दुपारी.

यंदा प्रकल्पाच्या निमित्ताने आम्ही चौघं एका तलावावर अख्खा दिवस आणि रात्र थांबलो. विरघळलेला ऑक्सिजन मोजायला विंकलर पद्धत वापरली. ती १८८८ सालची, तरी आजही भरवशाची. बाटली पाण्याखालीच भरायची. बूच लावताना आत एक बुडबुडाही राहता कामा नये, नाहीतर हवेतला ऑक्सिजन हिशोबात येतो. मग मँगनीज सल्फेट आणि अल्कधर्मी आयोडाइड घालायचं. दुपारच्या बाटलीत दाट तपकिरी साका बसला. पहाटे पाचला त्याच जागेवरून बाटली भरली, टॉर्चच्या उजेडात धरली, तर साका जवळजवळ पांढरा. पांढरा साका म्हणजे ऑक्सिजन संपत आलेला. काठाशी मासे पाण्यावर तोंड काढून आ वासत होते. आम्ही कोणीच काही वेळ बोललो नाही.

दिवसा शेवाळ ऑक्सिजन सोडतं. रात्री ते थांबतं, श्वसन मात्र सगळ्यांचंच चालू राहतं. म्हणून सांडपाण्याने हिरव्या झालेल्या तलावात दुपारचा आकडा उत्तम येतो आणि पहाटेचा सर्वांत वाईट. आमच्या प्रात्यक्षिकाची वेळ अकरा ते पाच. त्या वेळेत गुदमरणारा तलावही ठणठणीत दिसतो, आणि तसंच आम्ही जर्नलमध्ये लिहितो. उद्या पाण्याचे अहवाल लिहायला यातलीच मुलं बसणार आहेत, याची मला खरोखर काळजी वाटते.

त्याच रात्री प्लवक, म्हणजे पाण्यात तरंगणारे बारीक जीव, पकडायची जाळी ओढली. दुपारी तिच्यात जेमतेम काही सापडलं होतं. रात्री वरच्याच थरात डॅफ्निया आणि कोपेपॉड या इवल्याशा प्राण्यांची नुसती गर्दी. माशांच्या नजरेपासून वाचायला ते दिवसा खोल जातात, हे आम्ही परीक्षेत लिहिलं होतं. पाहिलं तेव्हा कळलं.

यासाठी महागडी यंत्रं लागत नाहीत. पाण्याची पारदर्शकता मोजणारी सेक्चीची तबकडी १८६५ पासून वापरात आहे. ती म्हणजे दोरीला बांधलेली एक रंगवलेली चकती. आणि जलाशयशास्त्राचा पाया घालणारे फोरेल यांनी आयुष्यातली कितीतरी वर्षं एकाच जिनिव्हा सरोवरावर घालवली. आम्ही एकच वर्ष मागतो आहोत.

अभ्यासक्रमात प्रत्येक गटाला एक जलाशय वर्षभरासाठी द्यावा. त्यात निदान एक चोवीस तासांची फेरी सक्तीची असावी आणि तिला गुण असावेत. लाइफ जॅकेट आणि विमा महाविद्यालयाने द्यावा. मुलींना रात्रीच्या कामातून वगळण्याची पळवाट कोणी काढू नये, त्यांच्या सुरक्षिततेची सोय करावी.

आणखी एक. त्या रात्री आमच्यासोबत थांबायला सरांना स्वतःची रजा टाकावी लागली, कारण तलावावरचे तास त्यांच्या कार्यभारात मोजले जात नाहीत. तेवढा नियम तर आपण याच सत्रात बदलू शकता.

आपला नम्र,
जीवशास्त्राचा एक विद्यार्थी