रविवारी उपवनला चौघांचं वादन

सभासदहो,

येत्या रविवारी संध्याकाळी ५.३० वाजता उपवन तलावाकाठच्या महोत्सवात दोन व्हायोलिन, व्हायोला आणि चेलो यांचं वादन आहे. आपण ५.१० ला घाटावर जमायचं. येणाऱ्यांनी शुक्रवारपर्यंत नाव कळवा.

• माइक नाही. मोबाइल बंद, वेफर्सची पाकिटं पिशवीतच.

• रचना चार भागांची आहे. मधल्या विरामात टाळ्या नकोत, ‘वाहवा’ही पोटातच ठेवा (अवघड आहे, कल्पना आहे). ऑस्ट्रियन संगीतकार हायडनने १७८१ मध्ये लिहिलेल्या या रचनेचा शेवट मुद्दाम फसवा आहे. संपलं म्हणेपर्यंत पुन्हा सुरू होतं! वादक गज खाली घेईपर्यंत हात आवरा.

• पार्किंग मिळणार नाही. स्टेशनवरून तिघांत एक रिक्षा करा.

• येऊरचा डोंगर शेजारी, डास मोफत. पूर्ण बाह्यांचे कपडे घाला.